आधी भोक, मग टॅप: आटे पाडण्याविषयी वाचकांचे प्रश्न

टॅप म्हणजे भोकाच्या आत बोल्टसाठी आटे पाडायचे हत्यार. टॅप मोडला, आटे फाटले, बोल्ट शिरत नाही अशा तक्रारींची पत्रे या वेळी बरीच आली. वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. दोष टॅपच्या माथी मारलेला असतो, पण चूक आधीच, ड्रिल मारताना झालेली असते. म्हणून काही उत्तरांत टॅपपेक्षा भोकाचीच चर्चा जास्त आहे.

प्रश्न: तीन टॅपचा एम ८ चा (८ मि.मी. बोल्टचा) संच घेतला. पहिला टॅप आरपार फिरवला, आटे छान दिसतात, पण बोल्ट जेमतेम एक फेरा शिरून अडकतो. संच सदोष आहे का?

नाही. बाजारात दोन जातींचे संच मिळतात आणि बाहेरून ते सारखेच दिसतात. एका जातीत तिन्ही टॅपचा व्यास एकच असतो, फरक फक्त टोकाच्या उताराचा. पहिल्याचा उतार सात ते दहा आट्यांचा, दुसऱ्याचा तीन ते पाच, तिसऱ्याचा एक-दोन. अशा संचातला पहिला टॅप भोकातून पूर्ण आरपार गेला की काम संपले. दुसऱ्या जातीत कामाची वाटणी केलेली असते. पहिला आणि दुसरा टॅप मुद्दामच कमी व्यासाचे असतात आणि पूर्ण मापाचा आटा फक्त तिसरा पाडतो. तुमचा संच या दुसऱ्या जातीचा दिसतो.

ओळखायचे कसे? दांड्यावरच्या रिंगा बघा. वाटणीच्या संचात पहिल्यावर एक रिंग, दुसऱ्यावर दोन, शेवटच्यावर एकही नाही, अशी खूण बहुधा असते. खात्रीसाठी व्हर्नियरने उतार सोडून मागच्या पूर्ण आट्यांवर व्यास मोजा. तिन्हींत फरक आला तर तिन्ही वापरणे भाग आहे. पहिल्याच्या आट्यांची शिखरे सपाट छाटल्यासारखीही दिसतात.

नावांचाही एक घोळ आहे. ब्रिटिश वळणाच्या पुस्तकांत ‘प्लग टॅप’ म्हणजे शेवटचा, तळापर्यंत जाणारा. अमेरिकी कॅटलॉगमध्ये ‘प्लग’ म्हणजे मधला, आणि शेवटच्याला ‘बॉटमिंग’ म्हणतात. सुटा टॅप मागवताना नावावर जाऊ नका, उतार किती आट्यांचा ते विचारा.

प्रश्न: एम ६ साठी तक्त्यात ५ मि.मी. ड्रिल दिले आहे. आमच्याकडचे जुने फिटर ५.२ मारतात आणि त्यांचा टॅप कधी मोडत नाही. बरोबर कोण?

तक्ता बरोबर आहे आणि फिटरही अगदी चूक नाहीत. तक्त्याचा हिशेब सोपा आहे: बाहेरचा व्यास वजा पीच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधले अंतर. एम ६ चा पीच १ मि.मी., म्हणून ५. याच हिशेबाने एम ३ ला २.५, एम ४ ला ३.३, एम ५ ला ४.२, एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५ आणि एम १२ ला १०.२. बारीक पीच असेल तर भोक मोठे होते. एम १० चा पीच १.२५ असेल तर ८.८ मारायचे, ८.५ नाही. ही चूक फार होते.

आता आटा किती भरतो ते पाहू. आट्याची पूर्ण उंची १०० टक्के धरली, तर एम ६ मध्ये ५ च्या भोकात सुमारे ७७ टक्के आटा येतो, ५.१ मध्ये ६९ आणि ५.२ मध्ये ६२. भोक ४.८ केले तर ९२ टक्के. ऐकायला ९२ भारी वाटते, पण ताकद त्या मानाने वाढत नाही. टॅपवरचा जोर मात्र खूप वाढतो. पुरेशी खोली असेल तर आटा सुटण्याआधी बोल्टच तुटतो, मग जास्त भरून उपयोग काय?

पण सैल सोडण्यालाही मर्यादा आहे. नेहमीच्या ६एच सहिष्णुतेत (म्हणजे मापात चालणाऱ्या कमीजास्त फरकाच्या ठरलेल्या प्रतीत) एम ६ च्या आतला व्यास ४.९१७ ते ५.१५३ मि.मी. या हद्दीत हवा. ५.२ चे भोक या हद्दीबाहेर जाते. त्यात ड्रिल कधी आपल्या मापाचे भोक पाडत नाही, थोडे मोठेच पाडते, विशेषतः धार एकीकडे जास्त लागली असेल तर. आमचे मत असे: पोलादात, हाताने, १०-१२ मि.मी. खोल आटे पाडायचे असतील तर ५.१ घ्या. हद्दीत राहाल आणि टॅपही हलका फिरेल. तीन मि.मी. पत्र्यात मुळात तीनच आटे बसतात, तिथे ५ च. ड्रॉइंगवर ६एच लिहिले असेल तर ५.२ चा विषयच नको.

प्रश्न: अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात बंद भोक आहे. एम ८ चे आटे १६ मि.मी. खोल हवेत, पण दर वेळी ११-१२ वर टॅप अडतो. जोर लावायची भीती वाटते.

भीती रास्त आहे, जोर लावू नकाच. बंद भोकात टॅप मोडतो तो बहुतेक इथेच. टोक तळाला टेकलेले किंवा कीस (कापून निघालेला धातू) कोंबला गेलेला, आणि वरून हात अजून एक फेरा मागत असतो.

भोकाची खोली मोजून ठरवा. १६ मि.मी. पूर्ण आटे हवेत. शेवटच्या टॅपचा उतार दोन आट्यांचा, म्हणजे २.५ मि.मी. शिवाय कीस साठायला ३ मि.मी. तरी मोकळी जागा. बेरीज २१.५ झाली, म्हणून २२ धरा. ही खोली पूर्ण व्यासाची हवी. ड्रिलच्या टोकाचा शंकू त्यात धरायचा नाही. ६.८ च्या ड्रिलचा तो शंकू साधारण २ मि.मी. असतो, म्हणजे टोकापासून मोजले तर २४. भिंत पुरेशी जाड नसेल तर आट्यांची खोली कमी करा, भोकाच्या तळाशी भांडू नका.

भोक पुरेसे खोल असूनही अडत असेल तर कीस पाहा. पहिला टॅप काढा, ठोकळा उलटा करून झटका, हवेने साफ करा (चष्मा लावूनच), मग दुसरा टॅप. प्रत्येक टॅपनंतर हेच. टॅपच्या अंगावरच्या लांब खाचांत थोडे ग्रीस भरले की कीस त्याला चिकटून टॅपबरोबर बाहेर येतो. टॅपवर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळा. अशी भोके बरीच असतील तर पिळाच्या खाचांचा टॅप घ्या. तो कीस वर खेचून बाहेर टाकतो.

प्रश्न: मग आरपार भोकालाही पिळाचाच टॅप का नको?

चालेल, पण त्याहून चांगला गन टॅप. त्याच्या खाचा सरळ असतात, फक्त टोकाशी तिरक्या घासलेल्या असतात, आणि तो कीस पुढे ढकलतो. गाभा जाड राहतो म्हणून मोडतोही कमी. पण तो बंद भोकात घातला तर सगळा कीस तळाशी कोंबला जाणार. बिडाचा कीस भुकटीसारखा पडतो, तिथे साधा सरळ खाचांचा टॅप उत्तम. एकच टॅप घेऊन सगळीकडे चालवायचा असेल तर तोच घ्या, प्रत्येक फेऱ्यानंतर पाव-अर्धा फेरा उलटा फिरवून कीस तोडत राहा.

गन टॅप आणि पिळाचा टॅप यांना असे मागेपुढे करण्याची गरज नसते. ते सलग कापण्यासाठीच घडवलेले आहेत.

प्रश्न: मागवलेल्या टॅपला खाचाच नाहीत. चुकून अर्धवट माल आला का?

तो आटे कापणारा टॅप नाही, दाबून घडवणारा आहे. इंग्रजी नाव फॉर्मिंग टॅप. धातू कापला जात नाही, बाजूला सरकून आट्याच्या आकारात उभा राहतो. कीस शून्य, त्यामुळे बंद भोकाला वरदान. मात्र त्याचे भोक वेगळे: व्यास वजा अर्धा पीच. एम ६ ला ५.५, एम ८ ला ७.४. चुकून ५ च्या भोकात घातलात तर तो शिरणार नाही, किंवा मोडेल. अ‍ॅल्युमिनियम, तांबे, मऊ पोलाद यांत चांगला चालतो, बिडात मुळीच नाही. तेल भरपूर लागते आणि जोरही जास्त लागतो, म्हणून हाताने लहान मापांपुरताच वापरा.

प्रश्न: स्टेनलेसच्या ८ मि.मी. पट्टीत एम ६ चे आटे पाडताना एका दिवसात तीन टॅप मोडले. माइल्ड स्टीलमध्ये हेच टॅप महिनोन्महिने चालतात.

३०४ किंवा ३१६ जातीचे स्टेनलेस मुळात फार कडक नसते. ते घासले की कडक होते. बोथट ड्रिल न कापता घासत राहिले, किंवा कापता कापता थांबून नुसते फिरत राहिले, की भोकाच्या आतल्या अंगाला काचेसारखी कडक साल येते. टॅप शिरतो तो त्या सालीत. म्हणून तुमचे तीन टॅप मोडले त्याला बहुधा ड्रिलच कारणीभूत आहे.

सुरुवातीचा पंच हलका मारा, जोरात ठोकला तर तेवढी जागा कडक होते. ड्रिल कोबाल्टचे, ताज्या धारेचे, ५.१ मि.मी. वेग मिनिटाला सहा-सातशे फेरे, त्याहून जास्त नको. दाब ठाम आणि सलग, म्हणजे कीस सतत निघत राहायला हवा. कीस थांबला आणि ड्रिल फिरते आहे, असा एक क्षणही नको. भोकाच्या तोंडाला काउंटरसिंक करा, म्हणजे कड उतरती कापा.

टॅप कार्बन स्टीलचा वापरू नका. एचएसएस-ई, म्हणजे कोबाल्ट किंवा व्हॅनेडियम जास्त असलेल्या हाय स्पीड स्टीलचा (एचएसएस) घ्या. तुमचे भोक आरपार आहे, म्हणून गन टॅप. तेल गंधकयुक्त दाट कटिंग ऑइल किंवा टॅपिंग पेस्ट. इंजिन ऑइल इथे कामाचे नाही. ते फिरणाऱ्या भागांत पातळ थर धरण्यासाठी बनवलेले असते, कापणाऱ्या धारेवरचा दाब त्याला झेपत नाही. गन टॅप एकदा चालू केला की संथ पण न थांबता पार न्या. हँडलही पाहा. एम ६ ला फूटभर लांबीचे हँडल लावले की हाताला प्रतिकार कळतच नाही. कळतो तेव्हा टॅप मोडलेला असतो.

प्रश्न: कोणत्या धातूला कोणते तेल? थोडक्यात सांगा.

पोलादाला कटिंग ऑइल. अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल, किंवा त्यात थोडे हलके तेल. आगीपासून दूर राहून. बीड कोरडेच, कारण तेल घातले की भुकटीचा लगदा होऊन खाचा तुंबतात. पितळही कोरडे चालते, हवे तर थेंबभर हलके तेल.

प्रश्न: भोकात मोडलेला टॅप काढायचा खात्रीचा उपाय कोणता?

सगळीकडे लागू पडेल असा एकही नाही. आधी काय करू नये ते सांगतो. साध्या एचएसएस ड्रिलने त्याला भोक पाडायला जाऊ नका. टॅप ड्रिलइतकाच कडक असतो. ड्रिल घसरून बाजूच्या मऊ धातूत शिरते आणि भोक वेडेवाकडे होते. मोडके बोल्ट काढायचे उलट्या आट्यांचे एक्स्ट्रॅक्टरही इथे निरुपयोगी.

तुकडा वर आला असेल तर खाचांतला कीस तारेने आणि हवेने काढा, तेल सोडा, पकडीने धरून थोडा पुढे, थोडा मागे असा हलवत सैल करा. एकदम उलटा पिळलात तर अडकलेला कीस पुन्हा चावतो. तुकडा पृष्ठभागाशी सपाट किंवा आत असेल तर टॅप एक्स्ट्रॅक्टर वापरा. त्याची तीन-चार पोलादी बोटे टॅपच्या खाचांत उतरतात. बोटे वाकायला लागली की थांबा, त्यांची ताकद तेवढीच असते.

एम ८ आणि त्यावरच्या मापाला, वस्तू पोलादी किंवा बिडाची असेल तर, वेल्डिंगचा उपाय बरेचदा लागू पडतो. तुकड्याच्या मधोमध वेल्डचा ठिपका वर चढवत आणायचा, त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करायचा, जरा निवू द्यायचा, मग पाना लावून मागेपुढे हलवत काढायचा. उष्णतेनेही पकड सुटते. टॅप कार्बन स्टीलचा असेल तर तो काचेसारखा ठिसूळ असतो. कडक पंचाने तुकडे करून चिमट्याने वेचता येतो, पण चष्म्याशिवाय हातोडी उचलू नका.

वस्तू पितळेची असेल तर एक संथ, जुना उपाय आहे: तुरटी. पितळी पट्ट्यांत मोडलेले पोलादी स्क्रू काढायला घड्याळजी तो वापरत आले आहेत. गरम पाण्यात विरघळेल तितकी तुरटी घालून काचेच्या किंवा एनॅमलच्या भांड्यात वस्तू बुडवायची आणि पाणी उकळीच्या जरा खाली ठेवायचे. पोलादातून बारीक बुडबुडे येऊ लागतात आणि तो विरघळून काळा गाळ होतो. लहान तुकड्याला काही तास ते एक-दोन दिवस लागतात, एचएसएसला आणखी जास्त. खोली हवेशीर ठेवा. वस्तूला दुसरा कुठलाही पोलादी भाग असेल तर तो आधी काढा, नाहीतर तोही जाईल.

वस्तू महागाची असेल तर प्रयोग न करता स्पार्क इरोजनवाल्याकडे न्या. ठिणग्यांनी टॅपचा गाभा खाल्ला जातो आणि आटे शाबूत राहतात.

प्रश्न: आटे तिरके जातात. बोल्ट बसतो, पण डोके एका बाजूनेच टेकते.

भोक सरळ आहे का ते आधी पाहा. तिरक्या भोकात टॅप तिरकाच जाणार. सर्वांत सोपी युक्ती अशी: ड्रिल मारल्यावर वस्तू व्हाइसमधून हलवूच नका. ड्रिल काढून त्याच चकमध्ये टॅप धरा, मशीनचा प्लग काढा, आणि चक हाताने फिरवत हलक्या दाबाने दोन-तीन आटे पाडा. मग चक सैल करून टॅपला हँडल लावा.

हे शक्य नसेल तर पंचवीस मि.मी. जाड ठोकळ्यात टॅपच्या मापाचे, काटकोनातले भोक पाडून तो वाटाड्या म्हणून वर धरा. निव्वळ हाताने करायचे तर दोन आटे झाल्यावर हँडल काढून गुण्या लावा, एकदा समोरून आणि एकदा बाजूने. दुरुस्ती करायची ती इथेच. पाच-सहा आटे आत गेल्यावर टॅप सरळ करायला जाल तर तो मोडेल, नाहीतर वरचे आटे रुंदावतील.

प्रश्न: अर्धा इंच पाइप टॅप घेतला, पण तो मोजला तर जवळजवळ २१ मि.मी. भरतो.

बरोबरच आहे. पाइपच्या आट्यांचे नाव पाइपच्या आतल्या व्यासावरून पडले आहे. अर्धा इंच बीएसपीचा (ब्रिटिश मानकाच्या पाइप आट्यांचा) बाहेरचा व्यास २०.९५५ मि.मी., एका इंचात १४ आटे. सरळ आट्यांसाठी १९ मि.मी. भोक. उताराचे आटे (१६ ला १ उतार) असतील तर खोली सांभाळा. फिटिंग हाताने चार-पाच फेरे जाऊन घट्ट व्हावे आणि पान्यासाठी पुढे काही आटे उरावेत. टॅप पूर्ण आत घातला तर भोक सैल होते आणि कितीही टेप गुंडाळली तरी गळते.

एनपीटीशी, म्हणजे अमेरिकी मानकाच्या पाइप आट्यांशी, गल्लत टाळा. अर्ध्या इंचात त्याचेही १४ च आटे आहेत, पण कोन ६० अंशांचा, बीएसपीचा ५५. बसल्यासारखे वाटते आणि दाब आला की गळते. पाव इंचात फरक लगेच पकडता येतो: बीएसपी १९, एनपीटी १८.

प्रश्न: अ‍ॅल्युमिनियमच्या आवरणातले एम ६ चे आटे गेले. थेट एम ८ करू का?

भिंत जाड असेल आणि समोरच्या भागातले भोकही वाढवता येत असेल तर करा. नाहीतर तारेचे इन्सर्ट, म्हणजे भोकात बसून नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, ज्याला सगळे हेलिकॉइल म्हणतात, ते बसवा. एम ६ साठी ६.३ चे भोक, मग त्या संचातलाच खास टॅप. पीच १ च, पण व्यास मोठा, त्यामुळे नेहमीचा एम ७ किंवा एम ८ टॅप त्या जागी चालत नाही. इन्सर्ट व्यासाच्या दीडपट, म्हणजे ९ मि.मी. लांबीचे घ्या. ते पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा पीच खाली बसवा, बसवताना उलटे फिरवू नका. शेवटी खालची आडवी शेपटी तोडा. बंद भोकात ती लांब नाकाच्या पकडीने काढून घ्यायला विसरू नका.

मूळ आटे का गेले तेही तपासा. अ‍ॅल्युमिनियममध्ये बोल्ट व्यासाच्या दीड ते दोनपट आत जायला हवा. पोलादात एक पट पुरते, म्हणून तोच बोल्ट इकडे आखूड पडतो.

प्रश्न: टॅप बोथट झाला हे मोडण्याआधी कसे ओळखावे?

धारेवर उजेड पाडा. तीक्ष्ण धार दिसत नाही, बोथट धारेवर चकचकीत पांढरी रेघ दिसते. कापताना किरकिर येते, आट्यांच्या बाजू फाटलेल्या, खरबरीत निघतात आणि त्याच भोकाला कालपेक्षा जास्त जोर लागतो. मोठे टॅप खाचेच्या बाजूने ग्राइंडरवर धार लावून पुन्हा वापरता येतात. एम ६ च्या खालचे सरळ भंगारात टाका.